धनादेश अनेक, खटला एक : व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावयाची मर्यादा आणि मुदत

उधारीशिवाय घाऊक व्यापार चालत नाही, आणि उधारीची वसुली आजही बऱ्याच अंशी पुढील तारखांच्या धनादेशांवर विसंबून असते. माल उतरतो, बिल होते आणि देणेदार दरमहा एक याप्रमाणे सहा किंवा बारा धनादेश लिहून देतो. पहिले दोन वटतात. तिसरा ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा घेऊन परत येतो आणि त्यामागून पुढचेही येऊ लागतात. व्यवहार एक, देणेदार एक, थकबाकीही एकच. पण न्यायालयात मात्र दहा फिर्यादी, दहा क्रमांक आणि दहा निरनिराळ्या तारखा उभ्या राहतात. पेढीवरील एक कर्ता माणूस केवळ तारखांसाठी गुंतून पडतो. धनादेश देणाऱ्याचीही अवस्था फार वेगळी नसते. दहापैकी एका तारखेस गैरहजर राहिला, तरी त्याच्यावर वॉरंट निघू शकते.

या सर्व फिर्यादी एकत्र करून एकच खटला चालविता येईल का, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांचा नाही, पेढीचाही आहे. याचे उत्तर ‘होय, पण मर्यादेत’ असे आहे. त्यातही एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. कायदा एकत्र आणू देतो ती सुनावणी. मुदती एकत्र होत नाहीत. हा भेद न कळल्यामुळे मोठी रक्कम फौजदारी कारवाईच्या कक्षेबाहेर जाऊ शकते.

प्रत्येक धनादेश हा स्वतंत्र गुन्हा

परक्राम्य संलेख अधिनियम हा १८८१ चा कायदा. धनादेशाचा अनादर हा मात्र त्यात शंभराहून अधिक वर्षे गुन्हा नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ आणि त्यापुढील कलमे घालण्यात आली आणि ती १ एप्रिल १९८९ पासून अमलात आली. २००२ च्या दुरुस्तीने शिक्षेची कमाल मर्यादा एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली. धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंडही होऊ शकतो.

धनादेश परत आला म्हणजे लगेच गुन्हा घडला, असे नाही. धनादेश त्याच्या वैधतेच्या काळात, म्हणजे सध्या त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, बँकेत भरलेला असावा लागतो. तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतर गुन्हा पूर्ण होतो आणि तेथून एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते.

ही सारी साखळी प्रत्येक धनादेशाला वेगवेगळी लागू होते. म्हणून बारा धनादेश परत आले, तर कायद्याच्या दृष्टीने ते बारा गुन्हे ठरतात. प्रत्येक गुन्ह्याचा स्वतंत्र आरोप आणि स्वतंत्र खटला हा फौजदारी प्रक्रियेचा मूळ नियम आहे. एकत्र सुनावणी हा त्या नियमाचा अपवाद होय.

पहिला अपवाद : एका वर्षातील सारखे गुन्हे

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २१९ नुसार, एका व्यक्तीने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत १२ महिन्यांच्या अवधीत केलेले एकाच प्रकारचे गुन्हे एका खटल्यात चालविता येत. पण त्यांची संख्या तीनपेक्षा अधिक असता कामा नये. धनादेशांच्या बाबतीत ही मर्यादा फार अपुरी पडे. चार धनादेशांच्या चार फिर्यादी एकत्र करण्याचा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयासमोर आला. तीनच्या मर्यादेमुळे त्या एकत्र करता येईनात, तेव्हा चारही प्रकरणे एकाच तारखेस ठेवावीत, असा मधला मार्ग न्यायालयाने दिला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली. तिच्या कलम २४२ मध्ये ही मर्यादा तीनवरून पाचवर आली आहे. बारा निरनिराळ्या बिलांपोटी दिलेले बारा धनादेश एका वर्षात परत आले, तर जुन्या नियमाने किमान चार खटले झाले असते; नव्या नियमाने पाच, पाच आणि दोन असे तीन खटले पुरतात. त्या दिवशी जे खटले आधीच प्रलंबित होते, त्यांना मात्र जुनीच संहिता लागू राहते. आपले प्रकरण कोणत्या संहितेखाली येते, हे वकिलांकडून प्रथम निश्चित करून घ्यावे.

दुसरा अपवाद : एकच व्यवहार

व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा अपवाद दुसरा आहे. जुन्या संहितेचे कलम २२० आणि नव्या संहितेचे कलम २४३ असे सांगते की, परस्परांशी निगडित कृत्यांच्या मालिकेतून, म्हणजेच एकाच व्यवहारातून, एका व्यक्तीकडून एकाहून अधिक गुन्हे घडले, तर त्या सर्वांचा एकच खटला चालविता येतो. येथे तीन किंवा पाच असा आकडा नाही.

‘एकच व्यवहार’ म्हणजे काय, याची व्याख्या संहितेत दिलेली नाही. कृत्यांमागील हेतू समान आहे का, ती एकमेकांस लागून घडली आहेत का, त्यांत सातत्य आहे का, हे न्यायालय वस्तुस्थितीवरून पाहते. समजा, ९ लाख रुपयांचा माल एका सौद्यात विकला आणि त्याच दिवशी दीड लाखाचे सहा धनादेश हप्त्यांपोटी घेतले. सौदापत्रात सहाही धनादेशांचे क्रमांक, तारखा आणि रकमा नोंदल्या आहेत. येथे एकच व्यवहार असल्याचे सांगणे सोपे जाते. तेच सहा धनादेश सहा महिन्यांतील सहा वेगळ्या बिलांपोटी आले असतील, तर समोरचा पक्ष सहा व्यवहार असल्याचे म्हणू शकतो आणि मग पाचच्या मर्यादेकडे परतावे लागते.

म्हणजे पुढे खटला एक होणार की अनेक, याचा पाया धनादेश स्वीकारण्याच्या दिवशीच घातला जातो. त्या दिवशी लिहिलेला एक साधा कागद वर्षांच्या तारखा वाचवू शकतो.

२०२१ चा घटनापीठाचा निकाल

धनादेश अनादराच्या खटल्यांना लागणारा विलंब पाहून सर्वोच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. त्यास निमित्त झालेले मूळ प्रकरण १ लाख ७० हजार रुपयांच्या दोन धनादेशांचे होते आणि तो वाद २००५ पासून रेंगाळत होता. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाख १६ हजार प्रकरणे कलम १३८ खालील असल्याची नोंद या निकालात आहे. उपायांचा विचार करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. सी. चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १६ एप्रिल २०२१ रोजी निकाल दिला.

एकत्रीकरणाच्या दृष्टीने त्यातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. एकाच व्यवहाराचा भाग म्हणून दिलेल्या धनादेशांचे गुन्हे एकत्र चालविता येतात, हे न्यायालयाने स्पष्ट केले. १२ महिन्यांच्या आतील कलम १३८ चे गुन्हे, कलम २१९ ची मर्यादा आड न येता, एका खटल्यात चालविता यावेत यासाठी कायद्यात दुरुस्ती करण्याची शिफारस केली. तसेच एकाच व्यवहारातील अनेक फिर्यादी एकाच न्यायालयात असतील, तर त्यांपैकी एका फिर्यादीत समन्स बजावले गेले की ते सर्व फिर्यादींत बजावले गेले असे मानावे, यासाठी उच्च न्यायालयांनी आपापल्या दंडाधिकाऱ्यांना निर्देश द्यावेत, असे सांगितले. समन्स बजावण्यातच महिनोन्‌महिने जातात, हे जाणणाऱ्यास या तिसऱ्या मुद्द्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तरीही एकत्र सुनावणी हा आपोआप मिळणारा हक्क नव्हे. संहितेने ती न्यायालयाच्या विवेकावर सोपविली आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि व्यवहाराचा पुरावा पुढे ठेवावा लागतो.

मुदतीचा सापळा

‘सगळे धनादेश परत येऊ देत, मग एकच नोटीस पाठवू आणि एकच केस करू’ असा विचार व्यवहारी वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वाधिक नुकसानीचा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. जून ते नोव्हेंबर, दर महिन्याच्या ५ तारखेचे सहा धनादेश आहेत. प्रत्येक धनादेश तारखेनंतर दोन-तीन दिवसांत परत येतो. व्यापारी थांबतो आणि २० नोव्हेंबरला सहाही धनादेशांची एकत्रित नोटीस पाठवितो. या दिवशी केवळ नोव्हेंबरचा धनादेश ३० दिवसांच्या आत आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या धनादेशांची नोटिशीची मुदत गेली आहे. तथापि त्यांची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असल्याने ते पुन्हा बँकेत भरता येतात आणि पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस देता येते. दुसऱ्यांदा झालेल्या अनादरावरूनही फिर्याद चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१२ मध्ये मान्य केले आहे. जून, जुलै आणि ऑगस्टच्या धनादेशांची मात्र नोटिशीची मुदतही संपली आणि वैधताही संपली. कलम १३८ चे दार त्यांच्यासाठी बंद झाले. त्या रकमांसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो, परंतु फौजदारी कारवाईचा दाब निघून जातो.

फिर्याद दाखल करण्यास उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करून घेण्याची सोय कलम १४२ मध्ये आहे. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सोय नाही. म्हणून क्रम असा असावा : नोटीस प्रत्येक धनादेशाच्या मुदतीत, फिर्याद प्रत्येकीच्या मुदतीत, आणि एकत्रीकरणाचा अर्ज त्यानंतर.

नोटिशीतील रक्कम

दोन-तीन धनादेश एकाच सुमारास परत आले असतील, तर त्या सर्वांची मागणी एका नोटिशीत करण्यास कायद्याचा प्रतिबंध नाही. मात्र प्रत्येक धनादेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम, बँक आणि परतीचे कारण त्यात स्वतंत्रपणे मांडलेले असावे. व्याज, वकिलांची फी, जुनी थकबाकी हे सर्व धनादेशाच्या रकमेत मिसळून एकच गोळाबेरीज आकडा मागितला, तर नोटीसच अवैध ठरण्याचा धोका असतो. कायद्याने मागणी सांगितली आहे ती धनादेशाच्या रकमेची. सप्टेंबर २०२५ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत कठोर भूमिका घेतली. धनादेश एक कोटीचा आणि नोटिशीतील मागणी दोन कोटींची होती. टंकलेखनातील चूक झाली, हे कारण मान्य झाले नाही.

खटले एकाच न्यायालयात

सुनावणी एकत्र व्हावयाची, तर फिर्यादी एकाच न्यायालयात असावयास हव्यात. २०१४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्या बँकेवर धनादेश काढला आहे ती बँक जेथे असेल, तेथील न्यायालयातच फिर्याद करावी. त्यामुळे परगावी माल विकणाऱ्यांची मोठी अडचण झाली. २०१५ च्या दुरुस्तीने ती दूर केली. आता धनादेश घेणाऱ्याने तो आपल्या खात्यात भरला असेल, तर त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयास अधिकार असतो.

त्याच दुरुस्तीतील कलम १४२-अ ची तरतूद तुलनेने कमी परिचित आहे. एका धनादेश काढणाऱ्याविरुद्ध अधिकार असलेल्या न्यायालयात एकदा फिर्याद दाखल झाली की, त्याच घेणेदाराने त्याच्याविरुद्ध करावयाच्या पुढील सर्व फिर्यादी त्याच न्यायालयात दाखल करावयाच्या असतात. मग ते धनादेश कोणत्याही शाखेत भरलेले असोत. तरीही एका व्यवहाराचे सर्व धनादेश पहिल्यापासून एकाच खात्यात भरणे श्रेयस्कर. चार बँकांत चार खाती असलेल्या पेढीने ही शिस्त पाळली, तर पुढचा बराच घोळ टळतो.

आणखी एक सावधगिरी हवी. देणेदार कधी स्वतःच्या फर्मचा, कधी भावाच्या फर्मचा, कधी पत्नीच्या खात्याचा धनादेश देतो. कलम १३८ खालील आरोपी म्हणजे ज्याच्या खात्यावर धनादेश काढला तो. फर्म किंवा कंपनी असेल तर तिच्या कारभारास जबाबदार असलेले भागीदार किंवा संचालकही. खाती निराळी असतील तर आरोपीही निराळे होतात आणि घरचा व्यवहार एक असला, तरी खटला एक करणे कठीण होते.

एकत्र सुनावणीने काय साधते, काय नाही

एकत्र खटल्यात फिर्यादीची साक्ष आणि उलटतपासणी एकदाच होते, कागदपत्रे एकदाच सिद्ध करावी लागतात आणि परस्परविरोधी निकालांची भीती राहत नाही. मात्र प्रत्येक धनादेशाचा परतीचा मेमो, नोटीस आणि पोहोच यांचा पुरावा स्वतंत्रच द्यावा लागतो. शिवाय एखाद्या धनादेशावरील सही वादग्रस्त असेल आणि ती हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवावी लागली, तर त्या एका धनादेशासाठी इतर सर्वांची सुनावणी थांबू शकते. असा धनादेश वेगळा ठेवणे कधी कधी शहाणपणाचे असते.

धनादेश देणाऱ्यासही एकत्र सुनावणीची मागणी करता येते. तसा लेखी अर्ज करण्याची मुभा संहितेने आरोपीस दिली आहे. त्याचा फायदा शिक्षेच्या वेळीही दिसतो. १५ प्रकरणांत शिक्षा झालेल्या एका आरोपीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिक्षांचे व्यवहारनिहाय गट पाडले आणि एका गटातील कारावास एकाच वेळी भोगावयास सांगितला. निरनिराळ्या व्यवहारांना मात्र ती सवलत दिली नाही आणि दंड न भरल्याबद्दलच्या कारावासालाही ती लागू केली नाही. तेथेही कसोटी ‘एकच व्यवहार’ हीच होती.

खटला चालू असताना धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार २०१८ च्या दुरुस्तीने न्यायालयास दिला आहे. हा अधिकार ऐच्छिक आहे. अर्ज केला म्हणजे रक्कम मिळतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

तडजोडीचा मार्ग तर कोणत्याही टप्प्यावर खुला असतो. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणातील २५ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तडजोडीवरील खर्चाचे प्रमाण नव्याने ठरविले. बचावाचा पुरावा नोंदविण्यापूर्वी धनादेशाची रक्कम दिल्यास अतिरिक्त खर्च न लावता तडजोड मान्य करता येते. त्यानंतर, पण निकालापूर्वी रक्कम दिल्यास ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के अधिक भरावे लागतात. सर्व धनादेशांचा हिशेब एकाच न्यायालयासमोर असेल, तर एकाच बैठकीत एकूण रकमेवर बोलणे होऊ शकते. घेणेदार आणि देणेदार एकाच बाजारपेठेत, पुष्कळदा नात्यागोत्यातही वावरत असतात. दहा खटल्यांपेक्षा एका खटल्यातून त्यांना मागे फिरणे सोपे जाते.

पेढीवर पाळावयाची शिस्त

या साऱ्याचा निष्कर्ष व्यवहारातील चार सवयींत सांगता येतो. एका सौद्याचे धनादेश घेताना त्या सौद्याचा उल्लेख आणि सर्व धनादेशांचा तपशील असलेले पत्र देणेदाराच्या सहीने घ्यावे. ते सर्व धनादेश एकाच खात्यात भरावेत. धनादेशांची एक स्वतंत्र वही ठेवून तीत परतीचा दिवस, नोटिशीचा शेवटचा दिवस, नोटीस पोहोचल्याचा दिवस आणि फिर्यादीचा शेवटचा दिवस असे चार रकाने आखावेत. आणि पहिला धनादेश परत येताच, पुढच्यांची वाट न पाहता, परतीच्या मेमोसह वकिलांची भेट घ्यावी.